खंडेनवमीच्या आधीच पात्यांवरचा गंज काढा

ताम्हिणीकडचा पाऊस उघडला की मुळशीत भातकापणीचे वेध लागतात आणि वळचणीला खोचलेले विळे खाली येतात. खिशातला घडीचा चाकू तर पावसाळाभर हाताशीच असतो. सुतळी तोडायला तोच, खताची गोणी फोडायला तोच आणि कच्ची केळी कापायलाही तोच. खंडेनवमीला ही हत्यारं पुजायला निघतात, तेव्हा पाती तांबडी झालेली दिसतात. सफाई त्याआधी आठवडाभर करावी, म्हणजे धार लावायलाही सवड मिळते.

पात्यावरचा प्रत्येक डाग म्हणजे गंज नव्हे. हिरडा, आवळा, कच्ची केळी यांतलं टॅनिन लोखंडाला लागलं की पातं काळं-निळं पडतं. या डागाने पातं खराब होत नाही, तो खरवडत बसू नका. बोटाला तांबडी पूड लागली, पात्याला खवले किंवा बारीक खड्डे दिसले, तर तो गंज. तो आत पोखरत जातो.

लोहाराने गाडीच्या पाट्यापासून घडवलेला विळा धार चांगली धरतो, पण गंजतोही लवकर. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, त्यामुळे ते तग धरतं. तरी खतापुढे त्याचीही खात्री नाही. म्युरेट ऑफ पोटॅशमधलं क्लोराइड स्टेनलेसलाही खड्डे पाडतं, आणि युरिया हवेतली ओल ओढून घेतो. गोणी फोडलेला चाकू तसाच घडी करून खिशात टाकू नका. आधी पाण्याने धुवा, कोरडा करा.

हलका गंज काढायला पात्यावर रॉकेल किंवा डिझेल चोळून रात्रभर ठेवा. सकाळी चारशे नंबरचा पॉलिश पेपर पात्याच्या लांबीच्या दिशेने फिरवा. लिंबू किंवा चिंचेनेही गंज सुटतो, पण आंबट तसंच राहिलं तर दुसऱ्या दिवशी पातं पुन्हा तांबडं होतं. म्हणून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच पुसा. लाकडी मूठ पाण्यात भिजत घालू नका, ती फुगते आणि सैल होते. गंज जास्त आहे म्हणून थेट ग्राइंडरला लावणं मला पटत नाही. पातं तापून निळं पडलं की त्याचं पाणी उतरतं, आणि मग कितीही घासा, धार टिकत नाही.

घडीच्या चाकूत गंज बहुधा खिळ्यापाशी सुरू होतो, कारण चीक आणि माती तिथेच अडकते. काडीला चिंधी गुंडाळून ती खाच साफ करा, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा, पातं चार वेळा उघड-मीट करा. फळं कापायच्या चाकूला खोबरेल लावावं. करडईचं किंवा जवसाचं तेल वाळून चिकट होतं, ते नको.

भातासाठी वैभव विळा वापरत असाल तर त्याच्या दातांत चीक आणि काडीचा चुरा बसतो. रोज संध्याकाळी जुना टूथब्रश फिरवा. त्याला सपाट दगडावर धार लावू नका, दातेच जातात. साध्या विळ्याची धार मात्र भाताच्या काडीतल्या सिलिकामुळे लवकर बोथटते, तेव्हा दगड बांधावर सोबत असू द्या.

पूजेच्या दिवशी हळद-कुंकू, ओला झेंडू पात्यावर राहतो. दसऱ्याच्या सकाळीच तो काढून पातं पुसा आणि तेलाचा हात द्या. नंतर ठेवताना वळचण नको, तिथे पागोळ्यांचे शिंतोडे येतात. गोठाही नको, तिथली मुताची वाफ लोखंडाला खाते. चामडी म्यान आणि प्लॅस्टिकची पिशवी दोन्ही ओल धरून ठेवतात. तेल लावलेलं पातं कोरड्या सुती कापडात गुंडाळून घरात उंचावर ठेवा. लहान मुलांचा हातही तिथे पोचत नाही.

बाग असणाऱ्यांना चकचकीत पात्याचा आणखी एक उपयोग. एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना लागतो. तयार मिश्रणात साध्या लोखंडी चाकूचं पातं थोडा वेळ बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं उरलं आहे, फवारल्यास पानं करपतील. थोडी चुन्याची निवळी घालून पुन्हा पाहा. गंजलेल्या किंवा तेलकट पात्यावर ही परीक्षा चुकते. झाल्यावर पातं लगेच धुऊन पुसा, कारण मोरचूद लोखंड खातं.