राष्ट्राची पत

मृगाच्या तोंडावर वऱ्हाडातील शेतकऱ्याला बियाणे हवे असते; पण गाठीस पैसा नसतो. तो उसनवारीस निघतो, तेव्हा देणारा प्रथम त्याची पत पाहतो. पत म्हणजे 'हा मनुष्य दिलेला शब्द पाळील' हा विश्वास. माणसाप्रमाणे राष्ट्रालाही पत लागते. नोट हा मुळात कागदच. तीवर छापलेल्या वचनावर लोक विश्वास ठेवतात, म्हणून तिला मोल येते. स्वतंत्र भारताची ही पत ज्यांनी जपली, त्यांत चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे स्थान फार वरचे आहे.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळील नाते या गावी झाला. १९१२ साली मॅट्रिकच्या आणि १९१८ साली इंग्लंडमध्ये आय. सी. एस.च्या परीक्षेत ते पहिले आले. पुढे मध्यप्रांत व वऱ्हाडात त्यांनी सुमारे वीस वर्षे सरकारी सेवा केली. आजच्या वाशीम जिल्ह्याचा प्रदेश त्या काळी याच प्रांतात मोडत असे. शेतसारा, पीकपाणी आणि कर्ज यांचा रयतेच्या जीवनाशी असलेला संबंध येथे त्यांना जवळून पाहावयास मिळाला.

१९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. बँकेच्या नोटांवर, वचनाच्या खाली, त्यांची स्वाक्षरी येऊ लागली. १९४७ साली देशाची फाळणी झाली. दोन भाऊ वेगळे निघाले, की घर, शेत आणि देणेघेणे वाटावे लागते. येथे तर दोन राष्ट्रांची वाटणी होती! पाकिस्तानची स्वतःची मध्यवर्ती बँक १ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. तोपर्यंत रिझर्व्ह बँकेनेच दोन्ही देशांचे काम सांभाळले.

१९५० साली चिंतामणराव भारताचे अर्थमंत्री झाले. रिझर्व्ह बँकेने करविलेल्या पाहणीचा अहवाल १९५४ साली प्रसिद्ध झाला. शेतकऱ्याच्या कर्जातील शंभरापैकी सुमारे सत्तर रुपये सावकारांकडून येतात आणि सहकारी संस्थांकडून जेमतेम तीन, असे त्यातून दिसून आले. बँक शहरात आणि गरज खेड्यात, अशी ही स्थिती होती. म्हणून १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे तिच्यावर बंधन घालण्यात आले. त्याच वर्षी दशमान नाण्यांचा कायदाही संमत झाला. १९५७ पासून आणे-पै जाऊन रुपयाचे शंभर पैसे झाले.

१९५६ साली मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे ठेवण्याचे ठरले. हा निर्णय चिंतामणरावांना अन्यायाचा वाटला. मनास न पटणाऱ्या निर्णयाचा भार वाहत त्यांनी मंत्रिपद सांभाळले नाही. त्यांनी राजीनामा दिला. पद गेले, पण लोकांच्या मनातील त्यांची पत वाढली.

तिजोरी पैशाने भरते, हे खरे. पण ती राखावयास शब्दाला जागणारी माणसेच लागतात.

अभ्यास
१. नोटेला मोल कशामुळे येते?
२. इम्पीरियल बँकेची स्टेट बँक का करण्यात आली?
३. 'पद गेले, पण पत वाढली' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.