घराच्या भिंतीतील मधमाशांचे मोहोळ : ते कसे ओळखावे व कसे हलवावे

परभणी जिल्ह्यातील जुन्या गावांतून, विशेषतः गोदावरी व दुधना या नद्यांच्या काठच्या वस्त्यांतून, दगडमातीच्या रुंद भिंतींची माळवदाची घरे अद्यापि पुष्कळ आढळतात. अशा घराच्या भिंतीतून एखाद्या सकाळी मधमाशांची ये-जा सुरू झालेली दिसते. घरातील मंडळी घाबरतात आणि त्या घाईत कोणी मशाल पेटवितो, कोणी रॉकेल ओततो, तर कोणी कपाशीवर मारावयाचे औषध पंपाने छिद्रात सोडतो. हे तिन्ही उपाय मोहोळापेक्षा घरासच अधिक घातक आहेत. माळवदाचे छत सागवानी तुळयांवर व किलचांवर तोललेले असते आणि वेचणीच्या दिवसांत खाली ओसरीवर कापूस रचलेला असतो. तेथे मशालीची एक ठिणगीही पुरेशी होते.

मधमाशी भिंत पोखरीत नाही, ती आयती पोकळी शोधते. आपल्याकडील जुनी भिंत बाहेरून एकसंध दिसली तरी पुष्कळदा ती दोन पातळ भिंतींची जोडी असते. मधली जागा बारीक दगड व माती यांनी भरलेली असून दोन्ही अंगांस जोडणारे आरपार दगड क्वचितच घातलेले असतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंती फुगून दोन्हीकडे ढासळल्या, हे मराठवाडा विसरलेला नाही. कालांतराने आतील भर खाली बसते, उंदीर बिळे करितात आणि भिंतीच्या पोटात काळोखी, ऊन-पावसापासून सुरक्षित अशी खोली तयार होते. यास्तव भिंतीत मोहोळ बसले म्हणजे भिंत आतून पोकळ झाली आहे, अशी सूचनाच घरमालकास मिळते.

प्रथम माशी ओळखावी. आग्या माशी मोठी असते व तिचे एकच पोळे उघड्यावर, उंच झाडास, पाण्याच्या टाकीस किंवा इमारतीच्या सज्जास लोंबते. ती भिंतीच्या आत राहत नाही. तिच्या वाटेस नवख्या माणसाने मुळीच जाऊ नये. फुलोरी माशीचे लहानसे पोळे झुडपांत असते. भिंतीच्या पोकळीत राहणाऱ्या मुख्यतः दोन जाती होत. पैकी पोयाची माशी डासाएवढी, काळसर व डंखहीन असते. ती आपल्या दाराशी मेण व डिंक यांची लहानशी नळी बांधते, त्या खुणेवरून ती तत्काळ ओळखू येते. तिचा उपद्रव काहीच नाही, म्हणून तिला तेथेच राहू द्यावे. दुसरी सातेरी. ही अंधारात एकमेकांस समांतर अशी अनेक पोळी बांधते, तिला डंख असतो आणि पेटीत पाळण्याजोगी आपली देशी माशी हीच होय. मातीची घरटी करणारी कुंभारीण किंवा तुळईस भोके पाडणारा भुंगा यांस पाहूनही लोक मोहोळ समजतात. परंतु तेथे हजारो माश्यांची सततची वर्दळ नसते.

सातेरीस विष घालून मारल्याने प्रश्न सुटतो असे नव्हे. माश्या मेल्या तरी पोळी आतच राहतात. त्यांना वारा घालून थंड ठेवणारे कोणी उरत नाही, त्यामुळे परभणीच्या वैशाखी उन्हात मेण मऊ होते, मध भिंतीतून पाझरतो, मेलेला पिलावा कुजतो आणि मुंग्या, मेणकिडे व उंदीर जमतात. तो विषारी मध दुसऱ्या माश्या लुटून नेतात. शिवाय रिकाम्या पोकळीस मेणाचा वास राहतोच, त्या वासावर पुढच्या हंगामात नवा थवा तेथेच उतरतो.

मोहोळ हलविण्यास पावसाळा संपल्यापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. त्या वेळी तूर, ज्वारी व पुढे करडई फुलोऱ्यावर असते, म्हणून हलविलेल्या वसाहतीस खाद्य मिळते. भर उन्हाळ्यात पोळी हातात तुटतात, तर भर पावसात माश्या उपाशी पडतात. मोहोळ दाराच्या वाटेवर नसेल व घरात कोणास डंखाची बाधा होत नसेल, तर दोनतीन महिने धीर धरणे इष्ट होय.

काम अनुभवी मधपाळाच्या देखरेखीखालीच करावे. आधी भिंतीस कान लावून मोहोळाची जागा निश्चित करावी. पिलाव्याची उष्णता सुमारे ३५ अंश सेल्सिअस राखलेली असते, त्यामुळे हिवाळ्याच्या रात्री तेवढी जागा हातास कोमट लागते. छताचा भार त्या भिंतीवर असेल, तर गवंड्यास विचारल्यावाचून व तुळईस टेकू दिल्यावाचून एकही दगड काढू नये. मग सायंकाळी अंगभर कपडे व तोंडावर जाळी घालून गोवरीचा थोडा धूर द्यावा आणि आतील बाजूचे दगड हळूहळू काढावेत. पिलाव्याची पोळी चौकटीच्या मापाने कापून, त्यांची वरची बाजू वरच ठेवून, केळीच्या सोपटाने चौकटीत बांधावीत. मधाची पोळी पेटीत घालू नयेत, कारण ती पाझरून मुंग्या येतात. राणी सापडली की निम्मे काम झाले, कारण ती पेटीत गेली म्हणजे बाकीच्या माश्या आपण होऊन मागोमाग जातात. सातेरी जागा सोडून पळण्यात फार चपळ आहे. यासाठी पेटीच्या दारास काही दिवस राणीरोधक जाळी लावावी व सायंकाळी साखरेचा पाक आत ठेवावा.

पेटी लगेच घरामागच्या परसात नेऊन ठेवल्यास माश्या पुन्हा जुन्या भिंतीवर येतात. ती रात्री दार बंद करून दोनतीन किलोमीटर दूरच्या शेतात न्यावी व तिच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात.

भिंत उघडणे शक्यच नसेल, तर तारेच्या जाळीचा निमुळता शंकू छिद्रावर बसवितात. माश्या टोकातून बाहेर पडतात, परंतु परत आत जाण्याची वाट त्यांना सापडत नाही, आणि त्या शेजारी ठेवलेल्या, ताज्या अंड्यांची चौकट असलेल्या पेटीत शिरतात. आतील पिलावा फुटून बाहेर पडण्यास सुमारे तीन आठवडे लागतात, म्हणून शंकू महिन्याहून अधिक काळ ठेवावा लागतो. राणी मात्र बहुधा भिंतीतच राहते. अशी चौकट देणारा मधपाळ जवळपास मिळाला तरच हा मार्ग धरावा.

कोणास डंख झालाच, तर तो चिमटीत न धरता नखाने खरवडून काढावा. अंगभर पित्त उठणे, श्वास लागणे किंवा भोवळ येणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

मोहोळ निघाल्यावर पोकळीतील मेण खरवडून व धुऊन काढावे, दगडाच्या चिपा व मातीने ती ठासून भरावी आणि वरून चुन्याचा गिलावा करावा. भिंतीच्या इतर भेगाही त्याच वेळी बुजवाव्यात. पेटीतील वसाहत करडई किंवा सूर्यफुलाच्या शेताच्या कडेला ठेवल्यास परागीभवनास तिचा चांगला उपयोग होतो. मात्र फुलोऱ्याच्या काळात फवारणी करणे भागच पडले, तर ती माश्या परतल्यावर सायंकाळी करावी. मधपाळणाच्या शिक्षणासाठी पुणे येथे १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि महाबळेश्वर येथील मध संचालनालय ही ठिकाणे आहेत. पिकांवरील माश्यांविषयी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील कीटकशास्त्र विभागाकडे विचारणा करावी.