आईचा व्यवसाय : "काही नाही, घरीच असते"



जून महिना आला की पहिलीचे प्रवेश सुरू होतात. मुलाचं नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, पत्ता, सगळं पटापट भरून होतं. मग "आईचा व्यवसाय" हा रकाना येतो आणि समोर बसलेली आई म्हणते, "काही नाही, घरीच असते." कधीकधी तर ती तोंड उघडायच्या आत मुलाचे बाबाच सांगून टाकतात. यातल्या कितीतरी जणी बीकॉम, बीएस्सी, कुणी आपल्यासारख्या डीएड झालेल्या असतात. शिक्षणाचा रकाना भरताना आवाज नीट असतो, व्यवसायाच्या रकान्याला तो खाली येतो. तुम्हीही कधी लक्ष देऊन ऐका.

आज या "काही नाही"बद्दल बोलू या. मूल लहान आहे तोवर नोकरी करायची नाही, घरी राहायचं, असं ठरवणाऱ्या आईला लोक नावं का ठेवतात आणि यात शाळेचा संबंध कुठे येतो, हे बघू.

आधी भाषेकडे बघा. आपण म्हणतो, "बाबा नोकरी करतात, आई घरी असते." एकाला 'करणे' हे क्रियापद, दुसरीला 'असणे'. कपाट घरी असतं, फ्रीज घरी असतो, तशी आई घरी असते! याच्या पुढची पायरी म्हणजे "घरी बसून असते". पहाटे उठून डबे भरणारी, नळाला पाणी आलं की धावणारी, दळण आणणारी बाई आपल्या भाषेत 'बसलेली' असते. कुणी मुद्दाम अपमान करायला असं बोलत नाही, ती बाई स्वतःही असंच बोलते. पण रोज वापरलेले शब्द मनात घर करतात, हे भाषा शिकवणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

आता हे फक्त बोलण्यापुरतं आहे का? नाही. सरकारी कागदावरही असंच आहे. जनगणनेचं काम आपण शिक्षकच करतो, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला चांगली माहीत हवी. जनगणनेत माणसांची विभागणी मुख्य कामगार, सीमांतिक कामगार आणि काम न करणारे अशी होते. वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य, कमी केलं तर सीमांतिक. पण मुळात 'काम' कशाला म्हणायचं? आर्थिक उत्पादनाला. घरच्या शेतात बिनपगारी राबलं तरी ते काम. घरच्यापुरती एक म्हैस असेल आणि बाईने तिची धार काढली, तर तेही काम. मात्र तेच दूध तापवणं, विरजण लावणं, पोराला कपात ओतून देणं हे काम नाही. म्हणजे गोठ्यातून स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की ती कामगार राहत नाही. वर्गात हे उदाहरण सांगून बघा, मोठ्या वर्गातली मुलं हसतात आणि मग विचारतात, "पण का?"

२०११ च्या जनगणनेत घरकाम हेच आपलं मुख्य काम असं सांगणाऱ्या स्त्रिया सुमारे १६ कोटी होत्या. असं सांगणारे पुरुष सुमारे ५८ लाख. या सगळ्यांची गणना 'काम न करणारे' या गटात झाली. याच गटात विद्यार्थी, पेन्शनर आणि भिकारीही येतात. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणकुमार अग्रवाल खटल्याच्या निकालात या वर्गवारीवर कडक शब्दांत टीका केली होती. घर सांभाळणाऱ्या स्त्रियांना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवणं असंवेदनशील आहे, असा त्याचा आशय होता. पुढच्या वर्षी जनगणना झाली ती जुन्याच व्याख्येने. आता २०२७ च्या जनगणनेला पुन्हा आपणच दारोदार जाणार आहोत.

तुम्ही म्हणाल, कोर्टाचा आणि घरात राहणाऱ्या आईचा काय संबंध? संबंध असा, की बाई अपघातात गेली तर नुकसानभरपाई ठरवायला तिची 'कमाई' लागते. आणि कमाई शून्य, तर भरपाई कशाची? हा प्रश्न १९८९ च्या जमशेदपूरच्या आगीच्या प्रकरणात आला. एका समारंभात मंडपाला आग लागून अनेक जण गेले, त्यात बायका-मुलं खूप होती. २००१ च्या निकालात न्यायालयाने गृहिणीच्या कामाची किंमत महिना ३,००० रुपये धरली. जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या खटल्यात न्यायालयाने पुन्हा सांगितलं, की गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न धरायलाच हवं, कारण ती घराला हातभार लावत नाही ही समजूतच चुकीची आहे. एकूण काय, बाई जिवंत असताना "काही करत नाही" आणि गेल्यावर कोर्टात तिच्या कामाची किंमत काढावी लागते. हे वाचताना मला तरी बरं वाटलं नाही.

आणि काम किती, तर त्याचेही आकडे आहेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये वेळ वापर सर्वेक्षण केलं आणि २०२४ मध्ये पुन्हा केलं. २०२४ मध्ये घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवत होत्या. पुरुष ८८ मिनिटं, तेही जे पुरुष असं काम करतात त्यांचीच ही सरासरी आहे, सगळ्यांची नव्हे. पाचवीच्या मुलांना २८९ मिनिटांचे तास-मिनिटं करायला द्या : ४ तास ४९ मिनिटं. आपली प्राथमिक शाळा साधारण तेवढाच वेळ प्रत्यक्ष शिकवते, मधली सुट्टी सोडून. फरक इतकाच, की त्या शाळेला रविवार नाही. २०१९ मध्ये हे आकडे २९९ आणि ९७ होते. बायकांची १० मिनिटं कमी झाली म्हणून आनंद मानावा, तर पुरुषांचीही ९ मिनिटं कमी झालीत! आणि या मिनिटांत मुलांना सांभाळणं, आजाऱ्याची सेवा करणं धरलेलं नाही, ते वेगळं मोजलं आहे.

आता टोमण्यांकडे येऊ. शिकलेली आई घरी राहिली की पहिला टोमणा ठरलेला, "एवढं शिकून काय उपयोग झाला?" कुणी म्हणतं शिक्षण वाया घालवलं, कुणी म्हणतं एखाद्या मुलाची सीट अडवली. शिक्षक म्हणून मला हा टोमणा सगळ्यात जास्त खटकतो. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, ती काय मुलींना पगार मिळावा एवढ्यासाठीच? डॉक्टरने दिलेली चिठ्ठी वाचणारी, मुलाला भागाकार समजावणारी, सातबारावर काय लिहिलंय ते बघून सही करणारी आई हा शिक्षणाचा उपयोग नाही का? मुलगा बीए होऊन घरची शेती बघायला लागला तर "शिक्षण वाया गेलं" असं आपण इतक्या सहज म्हणत नाही. मुलीच्या बाबतीत मात्र लगेच हिशेब मांडतो.

दुसरीकडे नोकरी करणारी आई सुटते का? तीही नाही. तिला "पोराला पाळणाघरात टाकलं", "पैशाच्या मागे लागलीय" हे ऐकावं लागतं. गंमत म्हणजे दोन्हीकडे बोलणारी माणसं बहुतेक तीच असतात. एका सोसायटीत, एका भाऊबंदकीत, एकाच हळदीकुंकवाला. घरी राहिली तर ऐतखाऊ, बाहेर पडली तर निष्काळजी. यात बापाला कुणी काही विचारतं का? मूल झाल्यावर तुम्ही नोकरी सोडणार की करणार, हा प्रश्न कुठल्या बापाला विचारलेला मी तरी ऐकला नाही. आणि वाईट याचं वाटतं, की यातून बायकाच एकमेकींपासून तुटतात. घरी असलेली नोकरीवालीला कमी आई समजते, नोकरीवाली तिला कमी माणूस समजते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. 'निवड' हा शब्द आपण फार सहज वापरतो. दुसरा रस्ता उघडा असेल तरच त्याला निवड म्हणायचं. अंगणवाडी तीन वर्षांच्या पुढच्या मुलांची, तीही दिवसातले काही तास. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा आली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सक्ती आली. चांगलं झालं. पण तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात, खाजगी दवाखान्यात, छोट्या इंग्रजी शाळेत नोकरी करणाऱ्या बाईला यातलं काय मिळतं? सासूबाई थकलेल्या, पाळणाघर नाही, नवऱ्याची बदली झालेली. मग ती घरी राहते. तिने ठरवलं म्हणून राहिली की दुसरं काही शक्यच नव्हतं म्हणून, हे बाहेरून कळत नाही. म्हणूनच बाहेरून निवाडा करू नये. तिने मनापासून ठरवलं असेल तर तिला कुणाची परवानगी नको. आणि नाइलाज असेल तर आपला टोमणा तिच्या जखमेवर मीठ चोळतो.

टोमण्यांमुळे एक खरी अडचण झाकली जाते, ती पैशाची. "मी काही करत नाही" असं स्वतःच मानणारी बाई नवऱ्याशी पैशाबद्दल बोलायला कचरते. पण घरी राहण्याचा निर्णय दोघांचा असेल तर त्याचा आर्थिक भार एकटीनेच का उचलावा? तिचा पीएफ थांबला, अनुभवाची वर्षं थांबली. अशा वेळी तिच्या नावाने पीपीएफचं खातं काढून त्यात दर वर्षी रक्कम भरणं, ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर दोघांचं नाव लावून घेणं, विमा फक्त कमावत्याचाच न काढणं, या साध्या गोष्टी आहेत. पालकसभेत हा विषय निघाला तर जरूर बोला. हे बोललं की "मान द्या, मान द्या" या कोरड्या उपदेशापेक्षा जास्त उपयोग होतो.

आता आपल्या शाळेकडे. स्टाफरूममध्ये एक वाक्य नेहमी कानावर येतं, "आई घरीच असते, तरी पोराचा गृहपाठ नाही." आणि मुलाची आई नोकरीला असेल तर, "आईला वेळच कुठे आहे!" म्हणजे मुलाचं काहीही चुकलं की खटला आईवर. त्याच वेळी शाळेचं कितीतरी काम या 'काही न करणाऱ्या' आयांवरच चालतं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. दुपारी बाराच्या सभेला कोण येतं? गॅदरिंगला मुलांना नऊवारी कोण नेसवतं? पोषण आहाराची चव घ्यायला कोण येतं? रकान्यात 'काही नाही' आणि सभेच्या रजिस्टरवर सह्या मात्र त्यांच्याच.

शाळेत आपल्या हातात काय आहे, तर रकाना आपल्या हातात आहे. 'निरंक' किंवा आडवी रेघ न मारता 'गृहिणी' लिहा. तिची पदवी पूर्ण लिहा, नुसतं 'पदवीधर' नको. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात आपल्या राज्यात वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लागतं, ही मुलं पहिलीत येतील तेव्हा आपलं रजिस्टर तरी तयार असू द्या.

आणि वर्गात? यासाठी वेगळं भाषण नको. चौथी-पाचवीला क्रियापद शिकवतो ना, तिथेच हा उपक्रम घ्या. फळ्यावर दोन रांगा करा. पहिल्या रांगेत बाळ काय करतं : बाळ जेवतं, निजतं, चालतं, हसतं, बोलतं. आता दुसऱ्या रांगेत, ते बाळाकडून कोण करून घेतं : भरवतं, निजवतं, चालवतं, हसवतं, बोलायला शिकवतं. मोठेपणी मुलं याला प्रयोजक क्रियापद म्हणायला शिकतील, आत्ता नाव नको. फक्त विचारा, "दुसऱ्या रांगेतलं काम दिसतं का?" बाळ जेवलं हे सगळ्यांना दिसतं. भरवायला पाऊण तास लागला, चिऊ-काऊ करावं लागलं, हे दिसत नाही. मुलांना ते बरोबर कळतं, कारण घरी धाकटं भावंडं असतंच.

मग गृहपाठ : "घरात तुझ्यासाठी कोण काय काय करतं?" प्रश्न असाच ठेवा, "आई काय करते" असा नको. कुणाला आई नसते, कुणाची आई ऊसतोडीला गेलेली असते आणि आजी सांभाळते, कुणाचे बाबा सकाळचा डबा भरतात. बालभारतीच्या २०१९ च्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडताना दाखवले होते, ते चित्र जवळ असेल तर आधी दाखवा, म्हणजे बाबांची क्रियापदंही मुलांना आठवतात. यादीतल्या प्रत्येक शब्दाला 'करणे' जोडायला लावू नका, त्याने 'साफसफाई करणे', 'मदत करणे' असे ठोकळे येतात. निवडणे, टिपणे, वाळत घालणे, घडी घालणे, उसवलेलं शिवणे, विंचरणे, थोपटणे असे नेमके शब्द यायला हवेत, भाषेचा धडा तोच आहे. एका तासिकेत हे होत नाही, दोन ठेवा. राहिलेले शब्द मुलं दुसऱ्या दिवशी घरी विचारून आणतात, त्यासाठी फळ्याचा एक कोपरा पुसायचा नाही.