रुळांच्या मापाने एक प्रवास

लांबचा प्रवास आखताना आपण प्रथम खर्चाचा हिशेब मांडतो. परंतु आगगाड्या पाहण्याकरिताच निघावयाचे असेल, तर पहिला प्रश्न ऋतूचा असतो, हे आम्हांस आजोबांनी शिकविले.

आमच्या गौतमपुरा रोड स्थानकावरून पूर्वी मीटरगेजची गाडी जात असे. आज तेथे ब्रॉडगेज आहे. पहिल्या मापात दोन रुळांमधील अंतर १००० मिलिमीटर, तर दुसऱ्यात १६७६. इंदुरास आगगाडी यावी म्हणून दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० साली इंग्रज सरकारास एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. त्यातून झालेल्या खंडवा–इंदूर मार्गावरील पाताळपाणी–कालाकुंड या घाटात डिसेंबर २०१८ मध्ये मीटरगेजची वारसा-गाडी सुरू झाली. त्या जुन्या मापाच्या गाडीत पुन्हा एकदा बसावे, ही आजोबांची इच्छा होती.

पाताळपाणीचा धबधबा पावसाळ्यात खुलतो, म्हणून आम्ही श्रावण सुचविला. परंतु आम्हां मुलांस माथेरानही हवे होते. ती ६१० मिलिमीटर मापाची गाडी १९०७ साली सुरू झाली. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा तिचा मार्ग बंद असतो. धबधबा की घाटगाडी, यावर घरात दोन पक्ष पडले. शेवटी आजोबांनीच निवाडा दिला, "धबधबा थोडा रोडावला तरी चालेल, दोन्ही घाट मिळाले पाहिजेत." दिवाळीनंतरचा काळ ठरला.

मग नकाशा पसरला. प्रथम पाताळपाणी, नंतर इंदुराहून कल्याण, तेथून नेरळ व माथेरान, पुढे नागपूर. तेथील मोतीबागेत २००२ साली उघडलेल्या संग्रहालयात ७६२ मिलिमीटर मापाच्या गाड्यांचा इतिहास पाहावयास मिळतो. शेवटी दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय. १९७७ साली उघडलेल्या या संग्रहालयात पतियाळा संस्थानची एकाच रुळावर धावणारी गाडी आहे. तिचे दुसरे मोठे चाक रस्त्यावरून चाले! हे संग्रहालय सोमवारी बंद असते. म्हणून तो दिवस आम्ही प्रवासात घातला. वारसा-गाडी ठरावीक दिवशीच सुटते. यास्तव तिची चौकशी आधी करून इतर तारखा मागाहून नेमल्या.

पाताळपाणी सर्वांत जवळ, म्हणून ते केव्हाही पाहू, असे आम्ही प्रथम म्हटले होते. आजोबा म्हणाले, "आपल्या स्थानकावरचे मीटरगेजही असेच केव्हाही पाहावयाचे राहिले होते ना?" त्यावर आम्ही पाताळपाणीचे नाव यादीत सर्वांत वर लिहिले.