लिहिणाऱ्याची जागा

मु. करडी, ता. मोहाडी, जि. भंडारा
कार्तिक शुद्ध दशमी

चिरंजीव बाळ यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र पावले. प्रकृतीची व अभ्यासाची हकीकत वाचून समाधान झाले. परंतु पत्राच्या उत्तरार्धात तू जो प्रश्न मांडला आहेस तो चार ओळींत उरकण्याजोगा नसल्यामुळे, हलक्या धानाची कापणी आटोपून हात मोकळा होईतो मी उत्तर राखून ठेवले होते. नागपुरास एका खोलीत तुम्ही चौघे राहता, खाली दिवसभर पत्रे ठोकण्याचे काम चालते, रात्री उशिरापर्यंत गप्पा रंगतात. अशा ठिकाणी कादंबरीचे एक प्रकरणही सिद्धीस जाणे अशक्य, म्हणून परीक्षा संपताच वर्षभर करडीस येऊन राहावे, घरामागच्या सांदवाडीकडची खोली मागून घ्यावी आणि सर्व व्यवधाने सोडून केवळ लेखन करावे, असा तुझा मनोदय आहे आणि त्यास तू माझी संमती मागतोस. घर तुझेच आहे, त्यासाठी संमतीची गरज नाही. परंतु ज्या समजुतीने तू येऊ पाहतोस, त्या समजुतीविषयी मला काही सांगावयाचे आहे.

एकांताची ही ओढ मी पोरकट मानीत नाही, कारण आपल्या परिसरातच तिला थोर पूर्वज लाभले आहेत. मेघदूतातील एकाकी यक्षाचा रामगिरी म्हणजे आपला रामटेकच, हे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार प्रतिपादन केले. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे इ. स. ११८८ मध्ये, ‘विवेकसिंधू’ सिद्ध केला तो वैनगंगेच्या काठी अंभोऱ्यास, असे आपल्याकडील परंपरा सांगते. मराठवाड्यातील मंडळी हाच मान अंबाजोगाईस देतात, पण डोंगर आणि पाणी दोन्ही ठिकाणी आहेच. तुकोबा देहूजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत, हे तर सर्वश्रुत आहे. तेव्हा मनुष्यवस्तीपासून दूर जाऊन चित्त एकाग्र करावे ही इच्छा स्वाभाविक आहे. मात्र अशा स्थळांची नावे घेताना आपण त्यांचे अर्धेच वर्णन करतो. १२९० मध्ये नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती निर्जन अरण्यात नव्हे, श्रोत्यांच्या सभेत. समोर निवृत्तिनाथांसारखे गुरू होते आणि सच्चिदानंदबाबा लेखक म्हणून बसले होते. तुकोबाही डोंगर उतरून कीर्तनास उभे राहत, आणि ज्यांच्यासमोर उभे राहत त्या माणसांच्या बोलीनेच त्यांची वाणी घडली होती. एकांत त्यांना होता, परंतु तो लोकांतास जोडलेला होता.

आता दुसरी बाजू पाहा. लोकमान्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले ते मंडालेच्या तुरुंगात, १९१०-११ च्या हिवाळ्यात, सुमारे पाच महिन्यांच्या अवधीत. शाई मिळत नसे. पेन्सिलीने लिहावे लागे. सुटे कागद मिळत नसत. बांधीव वह्या, त्यांच्या पानांवर सरकारी आकडे घातलेले, म्हणजे एक पानही परभारे नाहीसे होऊ नये, असा बंदोबस्त होता. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत उतरवली. त्याच्या आदल्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने केली आणि ती गुरुजींनी लिहून घेतली, म्हणून आज ती आपल्यापाशी आहेत. अण्णाभाऊ साठे यांचे वास्तव्य घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत होते, आणि १९५९ साली प्रसिद्ध झालेली ‘फकिरा’ लिहिणाऱ्या त्या माणसाने मोकळी हवेशीर खोली मिळेपर्यंत लेखणी थांबवून ठेवली नाही. बहिणाबाई चौधरींना तर खोली, मेज, कागद यांपैकी काहीच नव्हते, अक्षरओळखही नव्हती. जाते, चूल आणि शेत एवढ्या तीन ठिकाणी त्यांचे काव्य जन्मास आले, घरच्यांनी ते टिपून ठेवले, आणि १९५१ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर पुढील वर्षी ते पुस्तकरूपाने लोकांपुढे आले.

या उदाहरणांवरून हालअपेष्टा लेखनास पोषक असतात असा निष्कर्ष मात्र तू काढू नकोस. तुरुंग हे कोणाही लेखकाच्या वाट्यास येऊ नये असे स्थान आहे, आणि झोपडीतील दैन्याने किती लेखण्या अंकुरण्यापूर्वीच मोडल्या याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. मी तुला एवढेच पाहावयास सांगतो, की या निरनिराळ्या ठिकाणी समान काय होते. टिळकांनी मंडालेस गीतेचा विचार आरंभिला नव्हता. तो पूर्वीपासूनच त्यांच्या मनात चालू होता, आणि तुरुंगातही ग्रंथ मागवून त्यांनी तो पडताळून घेतला. साने गुरुजींचे ते पाच दिवस केवळ पाच दिवस नव्हते. आईच्या सहवासातील सारे बालपण त्यांनी बरोबर नेले होते. अण्णाभाऊंच्या झोपडीत त्यांच्या गावचा, वाटेगावचा, सारा मुलूख नांदत होता. जे लिहावयाचे ते आधीच गाठीशी असणे, बसण्याची वेळ ठरलेली असणे, आणि आपले कोणी ऐकणार आहे ही खात्री असणे, या तीन गोष्टी जेथे एकत्र आल्या तेथे लेखन झाले; भिंती मातीच्या होत्या की दगडी, हा प्रश्न त्यानंतरचा.

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की ‘लिहिण्याची जागा’ ही एक जागा नसून तीन जागा आहेत: एक जमवण्याची, दुसरी पडताळण्याची आणि तिसरी प्रत्यक्ष लिहिण्याची, आणि ज्या नवख्या लेखकाची या तिहींत गल्लत होते तो आयुष्यभर खोल्या बदलत राहतो.

जमवण्याच्या जागेचे उत्कृष्ट उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. श्रीचक्रधरांच्या पश्चात म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा गोळा केल्या, त्या एका ठिकाणी बसून नव्हे. ज्याने जे पाहिले व ऐकले त्याच्याकडे जावे, त्याच्या तोंडून ऐकावे, नागदेवाचार्यांकडून खातरजमा करून घ्यावी, अशा रीतीने सामग्री जमल्यावर रिद्धपुरास ‘लीळाचरित्र’ आकारास आले. म्हणूनच त्या ग्रंथात माणसे आजही बोलताना ऐकू येतात. आपल्या काळात मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधास राहिले. ते गाव १९९९ मध्ये गोंदिया वेगळा होईपर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. तेथील तलाव, तेथील पक्षी, आणि पक्ष्यांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखणारे ढीवर, गोंड व माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारखे जाणते गृहस्थ यांच्या सहवासात त्यांनी रोजनिशीत जे टिपले, त्यातून ‘पक्षी जाय दिगंतरा’ व ‘नवेगावबांधचे दिवस’ यांसारखे ग्रंथ उभे राहिले. त्यांनी रानात जाऊन शांतता उपभोगली नाही, नोंदी केल्या. हा भेद नीट ध्यानात ठेव.

पडताळण्याची जागा म्हणजे ग्रंथालय. दुर्गाबाई भागवत मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात, वर्षानुवर्षे जाऊन बसत असत. आणि ज्या ‘ऋतुचक्रा’त बारा महिन्यांची फुले व पाने आहेत त्याची लेखिका गजबजलेल्या मुंबईतच राहणारी होती. बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले तेव्हा कुटुंबाइतकाच ग्रंथांचा विचार केला, कारण ज्यास शब्दाशब्दाची जबाबदारी घ्यावयाची असते त्यास आधार हाताशी असावा लागतो. तुझ्या नागपुरास सीताबर्डीवर विदर्भ साहित्य संघाचे ग्रंथालय आहे. १९२३ पासूनची ही संस्था, आणि तिच्या कपाटांत जे आहे ते करडीस आणता येणार नाही. तू ते सोडून येथे येऊ पाहतोस, याचे मला नवल वाटते.

राहिली लिहिण्याची जागा. हिच्याबद्दल आपल्या धानाच्या मुलखातील मनुष्यास फार समजावून सांगावे लागू नये. पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपे, एका बांधीत वाढतात आणि रोवणी दुसऱ्या बांधीत होते. ज्या जागी रोप दाट उगवले त्याच जागी ते राहू दिले तर लोंबी नीट धरत नाही, उपटून, मुठी बांधून, चिखल केलेल्या दुसऱ्या जमिनीत अंतर राखून लावावे लागते. करडीचे अनुभव करडीतच बसून लिहिले पाहिजेत असा नियम नाही. किंबहुना थोडे अंतर पडल्यावाचून ते नीट वाढत नाहीत.

आता व्यवहाराचे बोलतो. तुझ्या चौघांच्या खोलीत पहाटे पाच ते सात हा काळ कोणाचाच नसतो. खालचे ठोकणेही तेव्हा बंद असते. तो काळ तू आपल्या नावावर रुजू करून घे. एकच कोपरा धर, भिंतीकडे तोंड करून बैस, उजेड डाव्या हाताने येईल असे पाहा, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली कागदावर पडणार नाही. आपल्या छपरीत आजोबांचे जे उतरत्या फळीचे शिसवी डेस्क आहे ते तुला ठाऊकच आहे: वरच्या पट्टीत दौतीची वाटोळी खाच, शेजारी टाक ठेवण्याची पन्हळ, झाकण उचलले की आत जमाखर्चाच्या वह्या. मांडी घालून त्यापुढे बसले की पाठ आपोआप ताठ राहते आणि दृष्टी कागदाबाहेर जात नाही. माघात कोणी गाडी घेऊन नागपुरास येणार असेल तर त्याच्याबरोबर ते तुजकडे पाठवण्याची तजवीज करीन. मोबाईल मात्र त्या दोन तासांत एखाद्या मित्राच्या उशाशी राहू दे, कारण डेस्कावर ठेवलेला मोबाईल हा बंद असूनही बोलावत राहतो. आणि स्वतःला मुदत घालून घे. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीसाठी ग. दि. माडगूळकरांनी ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गीते लिहिली, ती आठवड्यास एक या बोलीने, पुढचा आठवडा त्यांच्यासाठी थांबणार नव्हता. अशा वचनाचा जो आधार असतो तो उत्तमोत्तम निसर्गातही मिळत नाही.

आणखी एक गोष्ट, जिचा उच्चार लेखकमंडळी क्वचितच करतात. ज्या शांततेची आपण मागणी करतो, ती कोणीतरी राखलेली असते. मी पूर्वी छपरीत बसून दंडारीची, म्हणजे आपल्याकडच्या लोकनाट्याची, गाणी उतरून काढीत असे, तेव्हा तुझी मामी मुलांना सांदवाडीत नेऊन खेळवी, दारी आलेल्या माणसाला हळू आवाजात बोलावयास सांगे, आणि चहाचा पेला आवाज न करता माझ्या डाव्या बाजूस ठेवून जाई. त्या वहीतील प्रत्येक पानात तिचे श्रम आहेत. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली ती एवढा संसार ओढून झाल्यावर. त्यांच्यासाठी कोणी घर शांत ठेवले होते काय, हा प्रश्न मनात धरून ते पुस्तक पुन्हा वाच. तू वर्षभर येथे येशील तर तुझ्या शांततेचा भार या घरातील बायकांवर पडेल. तो भार कोणावर पडतो हे ज्याला दिसत नाही, त्याच्या लेखनात माणसांविषयीचा न्याय येणार नाही, असे माझे निश्चित मत आहे.

तेव्हा करडीस ये, अवश्य ये. मात्र लिहावयास नको, ऐकावयास ये. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला ये, म्हणजे दंडार उभी राहिलेली पाहशील, आणि कोणत्या शब्दावर सारे गाव हसते ते तुझ्या कानांना कळेल. आषाढात रोवणीला ये. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायांचे गाणे बांधीच्या धुऱ्यावर उभे राहून ऐकू नकोस, मुठी पोचवण्याचे काम कर आणि ऐक. कोक्याच्या रानाकडे गुरे नेणाऱ्या म्हाताऱ्यांशी बोल. झाडांची जी नावे ते सांगतील ती त्यांच्याच उच्चारात टिपून घे, प्रमाण मराठीत दुरुस्त करू नकोस. साकोलीच्या हरिश्चंद्र बोरकरांनी आपल्या या झाडीबोलीसाठी जे कष्ट घेतले ते अशाच ऐकण्यावर उभे आहेत. वही भरली की नागपुरास परत जा आणि पहाटेच्या त्या कोपऱ्यात बसून लिही.

सारांश, वर्षभर लेखनासाठी येथे येण्याच्या बेतास माझी संमती नाही, आणि दर सुटीत वही घेऊन येण्यास माझा आग्रह आहे. हे पत्र हाती पडेल त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठण्यास प्रारंभ कर. पहिले प्रकरण, कसेही झालेले असो, मकरसंक्रांतीपर्यंत मजकडे पाठव; ते मी तुझ्या आईस व मामीस मोठ्याने वाचून दाखवीन आणि जेथे त्या थांबवतील तेथे खूण करून परत पाठवीन.

प्रकृतीस जप.

तुझा,
मामा