लाइन गेली तरी न सांडणारा माशांचा फीडर

चांदूर बाजारात घरी काचेची टाकी ठेवणाऱ्यांची पंचाईत होते ती दिवाळीत आणि लग्नसराईत. आठ दिवस गावाला जायचं म्हणून शेजारी चावी द्यावी, तर शेजारच्या काकू मायेनं मूठभर दाणे टाकून मोकळ्या होतात. धडधाकट मोठे मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. न खाल्लेलं खाद्य मात्र तळाशी कुजतं, पाण्यात अमोनिया वाढतो आणि मासे त्यानं मरतात. आपल्या उन्हाळ्यात तर हे फार झपाट्यानं होतं, कारण पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन घटतो. 25 अंशांना लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना साडेसातच. त्यात लाइन गेली की हवेचा पंपही थांबतो. म्हणून माशांना आपोआप खाद्य टाकणाऱ्या घरगुती फीडरला माझी पहिली अट हीच, की बिघडला तर तो बंद पडावा, सांडू नये.

बाटलीला भोक पाडून ती मोटरवर फिरवायची युक्ती सोपी आहे, पण मला पसंत नाही. भोक खाली असताना लाइन गेली तर अख्खी बाटली टाकीत रिकामी होऊ शकते. त्यापेक्षा टोकण यंत्रातल्या बियाण्याच्या चकतीसारखी रचना करा. चकतीच्या छिद्रात मावेल तेवढंच खाली पडतं.

नेमप्लेट बनवणाऱ्याकडून 5 मिमी अॅक्रिलिकची 60 मिमी व्यासाची गोल चकती कापून घ्या. केंद्रापासून 20 मिमीवर 6 मिमीचं एकच छिद्र पाडा. त्यात सुमारे 0.14 मिली दाणे मावतात. आठ-दहा गप्पींना एका वेळी एवढं पुरतं. चकतीच्या वर-खाली 3 मिमीच्या दोन पट्ट्या येतील. वरच्या पट्टीच्या भोकावर बाटली उलटी बसवा. खालच्या पट्टीचं भोक त्याच्या बरोबर खाली नको, 90 अंश बाजूला हवं. दोन्ही पट्ट्यांमध्ये 5 मिमीचेच तुकडे लावून त्यावर जाड कागद ठेवा. चकती मोकळी फिरली पाहिजे, पण फटीत दाणा शिरता कामा नये. भोकांच्या कडा पॉलिश पेपरनं घासायला विसरू नका, दाणे तिथंच अडतात.

चकती फिरवायला एसजी-90 सर्व्हो मोटर पुरते. ती खालून बसवा. तिचं पातं आखूड कापून चकतीला चिकटवा आणि खालच्या पट्टीत ते फिरेल एवढी जागा ठेवा. वेळ सांभाळायला डीएस-3231 घड्याळ आणि हुकूम द्यायला आर्डुइनो नॅनो घ्या. घड्याळाच्या एसडीए-एससीएल तारा ए-4 आणि ए-5ला, सर्व्होची सिग्नलची तार डी-9ला जोडा. सर्व्होला वीज थेट 5 व्होल्टच्या चार्जरमधून द्या, नॅनोमधून नको. ग्राउंड मात्र सगळ्यांचा एकच ठेवा.

प्रोग्राम ओळखीच्या विद्यार्थ्याकडून लिहून घेतला तरी चालेल, पण एक गोष्ट बजावून सांगा: लाइन आल्याबरोबर चकती फिरता कामा नये. नाहीतर दिवसातून सहादा लाइन गेली-आली की सहादा खाद्य पडेल. घड्याळाच्या स्वतःच्या सेलमुळे वेळ चुकत नाही. ठरलेल्या मिनिटालाच खाद्य पडावं आणि पडल्याची नोंद नॅनोच्या कायम स्मृतीत राहावी. त्या वेळी लाइन नसेल तर ती पाळी चुकू द्या. चकती मध्येच अडकली तरी फार तर एक चिमूट पडेल.

खाद्य 1 मिमीच्या दाण्यांचं घ्या. पापडीसारखे फ्लेक्स छिद्रात अडकतात. फीडर पाण्यापासून वीतभर उंच ठेवा, पावसाळ्यात उलट्या बाटलीच्या वर आलेल्या बुडाला आतून सिलिका जेलची पुडी चिकटवा. चार्जरची वायर बोर्डापेक्षा खाली लोंबू द्या, म्हणजे थेंब वायरवरून बोर्डात जाणार नाही.

गावाला जाण्याआधी आठवडाभर घरी असतानाच फीडर चालवून बघा आणि रोज तळ तपासा. पाच मिनिटांनंतरही दाणे उरत असतील तर दिवसातून एकच पाळी ठेवा. गप्पीची नवी पिल्लं मात्र या फीडरच्या भरवशावर सोडू नका. त्यांना दिवसातून तीन-चारदा बारीक खाद्य लागतं, तेव्हा ती जाणत्या माणसाच्या हवाली करूनच निघा.