मुंबई किती लांब?

मॉरिशसहून मुंबई सुमारे ४,७०० किलोमीटर लांब आहे. एकोणिसाव्या शतकात आपले पूर्वज मुंबईहून शिडाच्या जहाजांनी येथे आले. तेव्हा हा समुद्र ओलांडायला कित्येक आठवडे लागत. जहाज वाऱ्यावर चाले. वारा पडला की जहाज थांबे! पिण्याचे पाणीही जपून वापरावे लागे.

आज प्लेझान्सच्या विमानतळावरून निघालेले विमान सुमारे सहा तासांत मुंबईला पोहोचते. वाटेत ते विषुववृत्त ओलांडते.

आता एक गंमत पाहा. विमान सकाळी आठला निघाले आणि सहा तासांनी उतरले. आपल्या घड्याळात दोन वाजले, पण मुंबईच्या घड्याळात साडेतीन! मुंबई आपल्यापेक्षा पूर्वेकडे आहे, म्हणून सूर्य तेथे आधी माथ्यावर येतो. तेथील घड्याळे आपल्यापुढे दीड तास असतात.

मुलांनो, मुंबईहून सकाळी आठला निघालेले विमान येथे उतरेल, तेव्हा आपल्या घड्याळात किती वाजले असतील?